एल्कसाठी कोणती रायफल, कोणतं कॅलिबर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्व्हरच्या आसपास राहणारे मराठी लोक दर उन्हाळ्यात मला हेच प्रश्न विचारतात. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन कुणीतरी बाजूला ओढतं आणि हळूच म्हणतं, "तू शिकारीला जातोस ना? जरा बोलायचं होतं." तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. उदाहरणं कोलोरॅडोतल्या एल्कची, म्हणजे इथल्या थोराड हरणाची आहेत, कारण अनुभव तिथलाच आहे.

भारतात शिकारीला बंदी आहे. मग हे कुणासाठी?

अमेरिकेत कायदेशीर शिकार करू पाहणाऱ्यांसाठी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. आजोबांच्या मचाणाच्या आणि हाकाऱ्याच्या गोष्टी कितीही रंगल्या तरी गावाकडे याचा काही उपयोग नाही. इथे मात्र शिकारीचा परवाना सरकारच देतं. कुठल्या भागात किती जनावरं मारायची, हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत. सांबराच्याच कुळातलं, पण त्याहून थोराड जनावर. नर सव्वातीनशे किलोच्या आसपास, मादी सव्वादोनशेच्या.

मी एच-१बीवर आहे. मला रायफल घेता येईल का?

रायफलीच्या दुकानात जाण्याआधी हे वाचा. एच-१बी, एल-१, एफ-१ असल्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. नेमबाजीच्या रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंसुद्धा बाळगण्यात मोडू शकतं. त्याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना तुमच्याजवळ असेल तर चालतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी शिकारी प्रशिक्षण, मग परवाना, मग रायफल. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तरीही राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात आणि इथली चूक थेट इमिग्रेशनच्या फाइलीत जाते. म्हणून दोनशे डॉलर वाचवायच्या नादात वकिलाला विचारायचं टाळू नका.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे आपल्या सगळ्यांनाच.

कॅलिबर आणि काडतूस एकच ना?

नाही, आणि इथेच निम्मा घोळ होतो. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास, पर्यायाने गोळीची जाडी. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, दारू, ती पेटवणारी टोपी आणि गोळी मिळून तयार झालेली पूर्ण वस्तू. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्हींत गोळी एकाच जाडीची असते, ०.३०८ इंच. फरक मागे किती दारू बसते याचा. तेच इंजिन स्कूटरला, मोटारसायकलला आणि ट्रॅक्टरला लावावं तसं नव्हे. तीच गोणी माणसाच्या पाठीवर, बैलगाडीत आणि ट्रकमध्ये टाकावी तसं. गोणी तीच, पोचण्याचा वेग वेगळा.

बोलताना मात्र सगळे काडतुसालाच कॅलिबर म्हणतात. मीही पुढे तेच करणार आहे.

कायद्याने किमान काय लागतं?

कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ०.२४ इंच कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), लागल्यावर पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा. हरणांसाठी ७० ग्रेन चालते. त्याशिवाय रायफल घेऊन हिंडताना अंगावर, कमरेच्या वर, किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी कपडा हवा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी.

या हिशोबाने .२४३ विंचेस्टरही कायद्यात बसतं. कायद्यात बसतं म्हणजे शहाणपणाचं असतं असं नाही. मोठ्या एल्कच्या खांद्याचं हाड मध्ये आलं तर नवशिक्याच्या हातात .२४३ नसावं, असं माझं मत आहे.

एकच रायफल घ्यायची आहे. कोणत्या काडतुसाची घेऊ?

.३०-०६ किंवा .३०८. हरकत नसेल तर इथेच थांबा आणि उरलेले पैसे सरावाच्या काडतुसांवर घाला.

कारण विचाराल म्हणून सांगतो. .३०-०६ हे १९०६ सालचं काडतूस, दोन महायुद्धं पाहिलेलं. १८० ग्रेनची गोळी २,७०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, म्हणजे नळीच्या तोंडाशी साधारण २,९०० फूट-पाउंड ऊर्जा. एल्कला पुरून उरते. डोंगरातल्या ज्या गावात एकच पेट्रोल पंप आणि एकच दुकान आहे, तिथेही फळीवर याची खोकी असतात. ही सोय कागदावर दिसत नाही. पण विमान कंपनीने तुमची काडतुसं असलेली बॅग भलत्याच गावी पाठवली की तिची किंमत कळते.

.३०८ हे १९५२ सालचं, थोडं आखूड. वेग शे-दीडशे फुटांनी कमी, धक्काही कमी, रायफल किंचित आटोपशीर. १९२५ सालचं .२७० विंचेस्टर हे तिसरं जुनंजाणतं नाव. त्याची १३० ग्रेनची गोळी तीन हजार फुटांच्या वर पळते आणि कोलोरॅडोतल्या कितीतरी घरांत तीन पिढ्या तीच रायफल चालू आहे. सध्या दुकानदार ७ एमएम पीआरसी पुढे करतात. ते २०२२ सालचं, लांबट निमुळत्या गोळ्यांसाठीच आखलेलं, खरोखर उत्तम काडतूस आहे. पण पहिल्याच रायफलीसाठी? खोक्याची किंमत बघा, मग बोलू.

६.५ क्रीडमूर एल्कला पुरतं का?

या प्रश्नावर इथे लोक भांडतात. आपल्याकडे मिसळ पुण्याची की कोल्हापूरची यावर भांडतात तसे. क्रीडमूर २००७ साली आलं ते मुळात कागदी लक्ष्यावरच्या लांब नेमबाजीसाठी. धक्का कमी आणि गोळी हवा कापत जाणारी, म्हणून शिकाऱ्यांनीही उचललं.

एल्कसाठी आघाताच्या क्षणी १,५०० फूट-पाउंड ऊर्जा असावी असा जुना ढोबळ नियम आहे. तो काही शास्त्र नव्हे, पण तुलनेला बरा. समुद्रसपाटीच्या हवेत क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी साडेतीनशे-चारशे यार्डांच्या दरम्यान या रेषेखाली जाते. .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी चारशेच्या किंचित पुढे जाते. .३०० विंचेस्टर मॅग्नम साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे तीनशे यार्डांच्या आत, चांगली गोळी बरगड्यांत नीट बसवली, तर क्रीडमूर पुरतं. कडेला, तिरकं उभं असलेलं जनावर असेल तर मला .३०-०६ हातात बरी वाटते.

मग मॅग्नमच का नको? जास्त ताकद असलेली बरी ना?

मी पहिली रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमचीच घेतली होती. "एल्क म्हणजे रेडा आहे, मोठंच घे," असं तिघांनी सांगितलं होतं. आठ पाउंडांच्या रायफलीत क्रीडमूरचा धक्का साधारण १२-१३ फूट-पाउंडांचा, .३०८चा १७-१८, .३०-०६चा वीस आणि .३०० मॅग्नमचा पंचवीसच्या बराच पुढे. आकडे वाचून काही वाटत नाही. विसाव्या बारानंतर खांद्याला वाटतं.

माझे बार डावीकडे खाली जायला लागले. मी दुर्बिणीला दोष दिला, माउंटला दिला, काडतुसांना दिला. रेंजवर शेजारच्या बाकावर एक म्हातारा बसायचा. तो म्हणाला, रायफल इकडे दे. माझ्याकडे पाठ करून त्याने मॅगझिन भरलं आणि परत दिलं. पहिला बार उडाला. दुसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसतं 'टक्'. त्याने मध्ये रिकामं, सरावाचं काडतूस घातलं होतं. आणि त्या टक्‌च्या क्षणी माझ्या रायफलीच्या नळीने, बैलाने शिंगं रोखताना मान घालावी तशी, दोन इंच खाली मान घातली. उजवा डोळा गच्च मिटलेला. म्हातारा काही बोलला नाही, त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

धक्क्याच्या आधीच शरीर दचकतं. बुद्धीने कितीही समजावलं तरी खांदा ऐकत नाही. ती रायफल मी त्याच हिवाळ्यात विकली आणि .३०-०६ घेतली. काही लोकांना मॅग्नम झेपतं, त्यांनी खुशाल वापरावं. पण मॅगझिनमध्ये मित्राकडून नकळत रिकामी काडतुसं मिसळवून घेतल्याशिवाय "मला झेपतं" असं म्हणू नका.

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावून धक्का बराच कमी होतो हे खरं. आवाज मात्र शेजाऱ्याच्या कानात सुरा खुपसल्यासारखा येतो. कानाला संरक्षण न घेता ब्रेक लावलेली रायफल एकदाही चालवू नका, शिकारीतही नाही.

किती लांबून मारता येईल?

रायफल हजार यार्ड मारते. तुम्ही किती मारता?

२०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण लावलेली .३०-०६ घ्या. ३०० यार्डांवर गोळी आठेक इंच खाली जाते, ४००वर दोन फूट, ५००वर जवळजवळ चार फूट. हे भयंकर वाटतं, पण ही सोपी बाजू आहे. अंतर मोजायला लेझर रेंजफाइंडर आहे, दुर्बिणीची कळ फिरवून उंची देता येते, मोबाइल सगळा हिशोब करून देतो. गुरुत्वाकर्षण दररोज सारखंच असतं.

वारा तसा नसतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर गोळी पंधरा ते वीस इंच बाजूला नेतो. एल्कच्या छातीतली हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम फूटभर. म्हणजे वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी गोळी पोटात. आणि पोटात गोळी लागलेलं जनावर दोन डोंगर ओलांडून, रात्रभर तळमळून मरतं. गोळीला तिथे पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात चरणारी मादी एक पाऊल पुढे टाकते. ते कुठल्याच ॲपमध्ये येत नाही.

कोलोरॅडोतल्या मीकर गावाच्या पूर्वेला, ऑक्टोबरातली सकाळ. घळीच्या पलीकडे मादी उभी, ४२० यार्ड, अगदी आडवी. माझ्या पुढ्यातलं गवत निश्चल. पिशवीवर रायफल टेकवलेली, श्वास शांत. घळीच्या मध्यावरचं गवत मात्र उजवीकडे लवत होतं, आणि त्याच्याही पलीकडे ॲस्पेनची पिवळी पानं डावीकडे सळसळत होती. ऊन वर आलं की डोंगरातली हवा उतार सोडून चढायला लागते, त्या पालटाची ती वेळ. तीन ठिकाणी तीन वारे. मी रायफल उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं. मादी आणखी दहा मिनिटं चरत होती. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. दुसऱ्या दिवशी १७० यार्डांवर वेगळी मादी मिळाली, तेव्हा वाऱ्याचा विचारही करावा लागला नाही.

माझी हद्द तीनशे यार्ड, तीही टेका असेल तर. तुमची किती हे असं काढा: रेंजवर बाकावरून नव्हे, जमिनीवर बसून, धापा टाकत, नऊ इंची कागदी थाळीवर पाच बार काढा. पाचही थाळीत बसतील ते अंतर तुमचं. चार बसले तर ते तुमचं नाही. अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबने, १८८७ साली थिओडोर रूझवेल्टने सुरू केलेल्या संस्थेने, शिकारीत अतिलांब बार काढण्याच्या हौशीवर उघड नापसंती दाखवली आहे. जनावराला तुमचा पत्ताच लागू शकत नसेल तर ती शिकार नव्हे, असा त्यांचा सूर. मला पटतो.

डोंगराच्या उंचीने काही फरक पडतो का?

पडतो, आणि तुमच्या बाजूने. नऊ-दहा हजार फुटांवर हवा विरळ, त्यामुळे गोळी कमी अडते आणि थोडी वर लागते. तुमची फुप्फुसं मात्र तुमच्या बाजूने नसतात. चढ-उताराचं वेगळं: वर मारा किंवा खाली मारा, गोळी दोन्ही वेळा अपेक्षेपेक्षा वर लागते. मोजायचं ते आडवं अंतर. तीस अंशांच्या उतारावर रेंजफाइंडरने ४०० यार्ड दाखवले, तर नेम ३४६ यार्डांचा धरायचा. आता बहुतेक रेंजफाइंडर हे स्वतःच करून देतात. तुमच्यातलं ते बटण चालू आहे ना, एवढं घरीच बघून घ्या.

गोळी कोणती घ्यावी?

लोक कॅलिबरवर तासभर बोलतात आणि गोळीवर मिनिटभर. उलटं हवं. जनावरापर्यंत पोचते ती गोळीच.

स्पर्धेची 'मॅच' गोळी शिकारीला नको. ती कागदात भोक पाडायला केलेली असते. हाडावर आपटून फुटते किंवा सुईसारखी आरपार जाते, काय करेल याचा भरवसा नाही. शिकारीची गोळी पसरली पाहिजे, पण तुटता कामा नये. १९४०च्या दशकात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या एका मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) चिखलाने माखलेल्या कातड्यावर फुटल्या, आत शिरल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याची भिंत असलेली 'पार्टिशन' गोळी काढली. पुढचा भाग पसरतो, मागचा घुसत राहतो. आजही मिळते. बार्न्सच्या संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही उत्तम. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात, घरात लहान मुलं असतील तर तांबंच घ्या. कॅलिफोर्नियात तर २०१९पासून शिकारीत शिसं चालतच नाही. मेलेल्या जनावरांतलं शिसं खाऊन काँडर गिधाडं मरत होती.

तांब्याची गोळी जरा हलकी निवडा. तिला पसरायला वेग लागतो.

रायफल कोणत्या कंपनीची?

बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर बारानंतर हाताने बोल्टचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची. बाकी आवडीचा आणि खिशाचा प्रश्न. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११० या स्वस्तातल्या रायफली आज इतका अचूक मारा करतात की तीस वर्षांपूर्वी लोकांचा विश्वास बसला नसता. फिनलंडची टिका टी३एक्स माझी आवडती. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो. विंचेस्टर मॉडेल ७० आणि रेमिंग्टन ७०० जुन्या हातातल्याही चांगल्या मिळतात.

दुर्बिणीसकट वजन आठ-साडेआठ पाउंड ठेवा. सहा पाउंडांची रायफल चढताना स्वर्ग आणि चाप ओढताना नरक. नळी २२ किंवा २४ इंची. दस्ता तुमच्या अंगाला बसतो का, हे हिवाळी जाकीट घालून बघा. आपल्यापैकी बऱ्याच जणांना अमेरिकन दस्ता अर्धा-पाऊण इंच लांब होतो आणि डोळा दुर्बिणीपासून मागेच राहतो.

दुर्बिणीवर किती खर्च करू?

रायफलीइतका. ३-९ किंवा जास्तीत जास्त ३-१५ पट. नेम किती सरकवायचा हे मोजायची दोन मापं आहेत. एमओए की मिल, या वादात पडू नका. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर जवळजवळ एक इंच, एक मिल म्हणजे १०० मीटरवर दहा सेंटिमीटर. जे डोक्यात बसेल ते घ्या. रेघा आणि कळ दोन्ही एकाच मापातल्या असल्या म्हणजे झालं. आणि झाडीत शिरताना दुर्बिणीची पट सर्वांत कमी करून ठेवा. वीस यार्डांवर एल्क उभं राहिलं आणि दुर्बिणीत नुसते तपकिरी केस दिसले, असं होतं. माझं झालंय.

त्याच रायफलीने लांब पल्ल्याची स्पर्धा खेळता येईल का?

सुरुवात करता येईल, टिकता येणार नाही. शिकारीची बारीक नळी पाच-सहा बारांत तापते आणि नेम सरकायला लागतो. कॅनडाच्या जॉर्ज फर्क्युहार्सन यांच्या नावावरून आलेल्या एफ-क्लासमध्ये पालथं झोपून, रायफल टेक्यावर ठेवून, १,००० यार्डांवरही मारतात. दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं. त्यातल्या एफ-टीआर गटात फक्त .२२३ आणि .३०८ चालतात. म्हणून .३०८ घेतलेल्यांना या वाटेने जाणं स्वस्त पडतं. वारा शिकायला याहून चांगली शाळा नाही: वीस बार, प्रत्येकाचं उत्तर लगेच फळ्यावर, आणि चूक झाली तर फक्त कागद फाटतो.

भारतात असाल आणि नेमबाजीच करायची असेल तर वाट वेगळी, .२२ची, ५० मीटरची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये त्यात विश्वविजेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचं) ऑलिंपिक कांस्य आणलं.

अस्वलासाठी वेगळी रायफल लागते का?

इथल्या काळ्या अस्वलासाठी नाही. अलास्कातल्या तपकिरी अस्वलासाठी .३३८ विंचेस्टर मॅग्नम किंवा १९१२ सालचं .३७५ एच अँड एच. पण त्या शिकारीला तुम्ही वाटाड्यासोबतच जाणार. काय आणायचं ते तोच सांगेल.

बार लागल्यावर पुढे काय?

अर्धा तास बसून राहा. मग खरं काम. एका एल्कचं मांस पाठीवरून गाडीपर्यंत आणायला एका माणसाला चार-पाच खेपा लागतात, म्हणून गाडीपासून पाच मैलांवर बार काढण्याआधी गुडघ्यांना विचारा. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. हरणवर्गातल्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाची तपासणीही करून घ्या. रोग निघाला तर ते मांस खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

आणि चव? मटणासारखी असते का?

मटणापेक्षा गोड, उग्र वास नाही. चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे मटणाच्या हिशोबाने परतत बसलात तर चामडं होतं. पायाचं मांस कुकरला, सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालून, तेल नेहमीपेक्षा दीडपट. आमच्या आईने पहिल्यांदा केलं तेव्हा सात शिट्ट्या घेतल्या आणि शेजारचा अमेरिकन वास घेत घेत दारात आला.